काय उचलायचं, काय सोडायचं

लुई सिमन्सची पाठ दोनदा मोडली. पहिल्यांदा १९७३ साली आणि दुसऱ्यांदा १९८३ साली. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, कोलंबस शहरात राहणारा हा गडी पॉवरलिफ्टर होता. म्हणजे स्क्वॉट, बेंचप्रेस आणि डेडलिफ्ट या तीन प्रकारांत मिळून जास्तीत जास्त वजन उचलणं हा त्याचा खेळ. त्या काळी सगळे करत तेच तोही करायचा. स्पर्धेच्या काही महिने आधी हलक्या वजनाने आणि जास्त रेप्सने सुरुवात करायची, मग दर आठवड्याला वजन वाढवत आणि रेप्स कमी करत स्पर्धेपर्यंत पोचायचं. स्पर्धा झाली की पुन्हा पहिल्यापासून. यात एक गोम होती. जड वजनाच्या आठवड्यांपर्यंत पोचता पोचता काहीतरी दुखावलेलं असायचंच, आणि सुरुवातीला कमावलेला दम तोवर निघून गेलेला असायचा.

दुसऱ्यांदा पाठ गेल्यावर सिमन्सने पुस्तकं मागवली. बड चार्निगा नावाचा अमेरिकन वेटलिफ्टर सोव्हिएत प्रशिक्षकांची पुस्तकं इंग्रजीत आणून विकत होता. कोष्टकं, टक्केवाऱ्या आणि आलेखांनी भरलेली ही पुस्तकं व्यायामशाळेत कुणी वाचावीत अशी नव्हतीच. सिमन्सने ती वाचली आणि पुढच्या काही वर्षांत त्यातून स्वतःची एक पद्धत उभी केली. 'वेस्टसाइड बारबेल' हे त्याच्या व्यायामशाळेचं नाव आणि 'कॉन्ज्युगेट' हे त्या पद्धतीचं. जगात ताकदीच्या व्यायामाचे वेगवेगळे आराखडे एकत्र करण्याचे जेवढे प्रयोग झाले, त्यांत हा बहुधा सगळ्यात गाजलेला. गंमत म्हणजे नावसुद्धा उसनं होतं. मूळचा वेस्टसाइड बारबेल क्लब कॅलिफोर्नियातल्या कल्व्हर सिटीत होता. १९६०च्या दशकात बिल 'पीनट्स' वेस्ट या लिफ्टरच्या गॅरेजमध्ये जमणाऱ्या मंडळींचा तो अड्डा. त्यांचे लेख मासिकांत वाचून सिमन्स घडला होता.

आज कोणत्याही शहरातल्या जिममध्ये दहा मिनिटं उभं राहिलं तरी असे छोटे छोटे सिमन्स दिसतात. स्क्वॉट एका रशियन तक्त्याचा, बेंच एका अमेरिकन तक्त्याचा, वर कुणा बॉडीबिल्डरचा 'आर्म डे', आणि रविवारी घाम काढायला आणखी काहीतरी. प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी उत्तम. पण दोन वैद्यांच्या पुड्या एकाच पेल्यात कालवून प्यायल्या, म्हणून आजार निम्म्या दिवसांत बरा होत नाही. सिमन्सची पद्धत का चालली आणि आपल्या पोरांची का चालत नाही, याचं उत्तर त्याने काय काय घेतलं यापेक्षा काय काय टाकून दिलं यात आहे.

आधी त्याच्यासमोर काय काय मांडलेलं होतं ते पाहू.

बल्गेरियात इव्हान अबाजिएव्ह नावाचा प्रशिक्षक होता. स्वतः वेटलिफ्टर, १९५७च्या तेहरानच्या जागतिक स्पर्धेतला रौप्यपदक विजेता. साठचं दशक संपताना राष्ट्रीय संघ त्याच्या हाती आला आणि १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये त्या चिमुकल्या देशाने वेटलिफ्टिंगमध्ये तीन सुवर्ण आणि तीन रौप्यपदकं मारली. त्याची पद्धत ऐकायला फार सोपी. व्यायामाचे प्रकार मोजून सहाच्या आसपास: स्नॅच, क्लीन अँड जर्क, या दोन्हींचे 'पॉवर' प्रकार, बॅक स्क्वॉट आणि फ्रंट स्क्वॉट. रोज, दिवसातून अनेक वेळा, थोडा थोडा वेळ, आणि प्रत्येक वेळी त्या दिवशीच्या कमाल वजनापर्यंत. हलका दिवस जवळपास नाहीच. स्पर्धेत जे करायचं तेच रोज करा, शरीर सवय करून घेईल, हा सगळा विचार. घेईल म्हणजे, जे घेतील ते राहतील. बाकीचे गावी परत जातील आणि त्यांच्या जागी नवी पोरं येतील. सरकार पोसत होतं, निवड कडक होती, मोडलेल्यांची नोंद ठेवण्याची कुणाला गरज नव्हती.

सोव्हिएत घराणं वेगळं. तिथे वह्या होत्या. अलेक्झांडर प्रिलेपिन या प्रशिक्षकाने अव्वल लिफ्टरांच्या सरावाच्या नोंदींवरून एक तक्ता काढला, तो आजही जगभरच्या व्यायामशाळांत भिंतीवर चिकटवलेला सापडतो. कमाल वजनाच्या ७० ते ८० टक्क्यांवर काम करायचं असेल तर एका सेटमध्ये ३ ते ६ रेप्स, आणि दिवसभरात त्या प्रकाराच्या एकूण १२ ते २४, शक्यतो १८. ८० ते ९० टक्क्यांवर सेटला २ ते ४, एकूण १० ते २०, शक्यतो १५. नव्वदच्या वर गेलात तर सेटला एक किंवा दोन, आणि एकूण फार तर दहा. यातली खरी गोष्ट त्या वरच्या मर्यादेत आहे. किती करायचं हे सांगणारे तक्ते पैशाला पासरी मिळतात. कुठे थांबायचं हे सांगणारा हा एक.

तिसरी गोष्ट सिमन्स स्वतः वारंवार सांगायचा. सोव्हिएत 'डायनॅमो' क्लबमध्ये सत्तरच्या दशकात सत्तर कसलेल्या लिफ्टरांना वीस ते पंचेचाळीस प्रकारचे व्यायाम आलटून पालटून करायला दिले. शेवटी विचारलं तर एकच जण म्हणाला की एवढे पुरेत, बाकीच्यांना आणखी हवे होते. आणि चौथी गोष्ट घरचीच: कल्व्हर सिटीच्या गॅरेजमधला बॉक्स स्क्वॉट, म्हणजे खांद्यावर बार घेऊन मागच्या पेटीवर नीट बसायचं, क्षणभर थांबायचं आणि उठायचं.

आता या चारांची बेरीज करून पाहा. रोज कमाल वजन, शिवाय मध्यम वजनाच्या मोजलेल्या रेप्स, शिवाय पंचेचाळीस प्रकार, शिवाय पेटी. माणूस आठवडा काढणार नाही. सिमन्सने बेरीज केलीच नाही. बल्गेरियाकडून त्याने 'कमाल वजन हवं' एवढंच घेतलं आणि 'रोज' टाकून दिलं. आठवड्यातून दोनच दिवस, एक पायांचा आणि पाठीचा, एक बेंचचा. पण दर आठवड्याला तोच प्रकार जोर लावून केला तर दोन-तीन आठवड्यांत आकडा खाली यायला लागतो, हे त्याला स्वतःच्या पाठीवरून कळलं होतं. मग डायनॅमोकडून विविधता घेतली आणि ती नेमकी इथे लावली. या सोमवारी एका उंचीच्या पेटीवरचा स्क्वॉट, पुढच्या सोमवारी वेगळ्या बारने, त्याच्या पुढे गुड मॉर्निंग, म्हणजे खांद्यावर बार ठेवून कमरेतून पुढे वाकायचं आणि परत सरळ व्हायचं. जोर दर वेळी शंभर टक्के, प्रकार दर वेळी वेगळा. उरलेले दोन दिवस वेगाचे: मध्यम वजन, स्क्वॉटला दोन-दोन रेप्सचे दहा-बारा सेट, मध्ये थोडीच विश्रांती, आणि प्रत्येक रेप जमेल तेवढ्या झपाट्याने. तिथे प्रिलेपिनचा तक्ता. सोमवार, बुधवार, शुक्रवार, रविवार असा आठवडा, आणि पायांच्या एका जड दिवसापासून पुढच्या वेगाच्या दिवसापर्यंत किमान ७२ तासांचं अंतर. त्यानंतर राहिलेला वेळ पाठ, मांडीची मागची बाजू आणि ट्रायसेप यांच्या बारीकसारीक कामाला. पाठीसाठी त्याने 'रिव्हर्स हायपर' नावाचं एक यंत्रच बनवलं. त्यावर पोटावर आडवं पडायचं आणि लटकते पाय मागे उचलायचे. ते मुळात त्याच्या स्वतःच्या मोडक्या कमरेसाठी होतं.

म्हणजे चार घराण्यांतून चार गोष्टी, आणि प्रत्येकीला आठवड्यात एकच खोली. भाडेकरू वाढला तर जुन्याने जागा सोडायची, हा नियम.

इथे दोन गोष्टी सांगायलाच हव्यात, कारण वेस्टसाइडची भक्ती करणारे त्या सांगत नाहीत. पहिली, औषधांची. बल्गेरियाचा संघ १९८८च्या सोल ऑलिंपिकमधून मध्येच परतला, कारण त्यांच्या दोन सुवर्णपदक विजेत्यांच्या चाचणीत फ्युरोसेमाइड सापडलं. सिमन्सने स्वतः अनेक दशकं स्टेरॉइड घेतल्याचं लपवलं नव्हतं. २०२२च्या मार्चमध्ये तो वारला, तोवर या बाबतीत तो मोकळेपणानेच बोलत असे. स्टेरॉइड घेणाऱ्याचं शरीर थकव्यातून फार लवकर सावरतं. त्याच्या आठवड्यात जे बसतं ते वरण-भात खाणाऱ्या, सात तासही न झोपणाऱ्या माणसाच्या आठवड्यात बसेलच असं नाही.

दुसरी गोष्ट कपड्यांची, आणि ती मला जास्त मजेदार वाटते. वेस्टसाइडचे लिफ्टर स्पर्धेत जाडजूड, घट्ट सूट आणि बेंच शर्ट घालून उतरत. हा शर्ट बार छातीजवळ आला की ताणलेल्या रबरासारखा परत ढकलतो. त्यामुळे खालचा भाग सोपा होतो आणि हात सरळ करायचा वरचा भाग अवघड. म्हणूनच तिथे छातीवर लाकडी फळ्या ठेवून वरच्या अर्ध्या अंतराचे बेंच मारत, बारला साखळ्या आणि रबरी पट्टे बांधत, म्हणजे वर जाताना वजन वाढावं. त्या कपड्यांसाठी हे अगदी बरोबर होतं. पण साध्या टीशर्टवर बेंच मारणारा अडतो बहुधा छातीच्या जवळ. त्याने साखळ्या बांधल्या तर तो आपलं दुखणं सोडून दुसऱ्याच्या दुखण्यावर उपचार करतोय. आपल्याकडच्या जिममध्येही साखळ्या दिसायला लागल्या आहेत. फोटो छान येतात.

आता आपल्याकडे येऊ. पुण्याच्या एका उपनगरातल्या जिममध्ये एक चोविशीचा मुलगा येतो, दिवसभर संगणकासमोर काम करणारा. त्याच्या फोनमध्ये चार रंगांचा एक तक्ता आहे. स्क्वॉट 'स्मोलोव्ह' या रशियन आराखड्याचा, बेंच 'स्मोलोव्ह ज्युनिअर'चा, डेडलिफ्ट 'फाइव्ह-थ्री-वन'चा आणि शनिवारी पळणं. मी गेलो तेव्हा त्याचा स्क्वॉट चालू होता. हाताला खडू, बेल्ट एक भोक आत घेतलेला, रॅकमधून बार काढताना प्लेटा एकदा खणखणल्या. सहाव्या सेटच्या चौथ्या रेपला कमर खांद्यांच्या आधी वर आली, म्हणजे स्क्वॉटचा गुड मॉर्निंग झाला. बार ठेवल्यावर ट्रेनर जवळ आला.

"काय रे, कंबर कशी आहे?"

"ठीक आहे सर. थोडी जड वाटते."

"उद्या काय आहे?"

"उद्या डेडलिफ्ट."

ट्रेनर काही बोलला नाही, नुसता तक्त्याकडे बघत राहिला.

त्या तक्त्याचा हिशोब मी नंतर करून पाहिला. स्मोलोव्हच्या पायाभरणीच्या टप्प्यात आठवड्याला चार दिवस स्क्वॉट असतो: पहिल्या दिवशी ७० टक्क्यांवर ९ रेप्सचे ४ सेट, मग ७५ टक्क्यांवर ७ चे ५, ८० वर ५ चे ७, ८५ वर ३ चे १०. एकूण १३६ रेप्स. या मुलाचा कमाल स्क्वॉट १०० किलो. म्हणजे आठवड्यात १०,४९५ किलो, साडेदहा टन. दुसऱ्या आठवड्यात प्रत्येक दिवशी साधारण १० किलो वाढवायचे असतात. अडीचशे किलो उचलणाऱ्या रशियन पैलवानाला १० किलो म्हणजे ४ टक्के. या मुलाला १० टक्के. तक्ता तोच, औषधाची मात्रा अडीचपट. आणि स्मोलोव्ह करताना बाकी जवळपास काही करू नका, हे ज्यांनी तो केलाय ते सगळे सांगतात. तो आराखडा एकट्याने सगळा आठवडा खातो, म्हणूनच तो काही आठवड्यांचा आहे. त्याच्या जोडीला डेडलिफ्ट घातलं तर पाठीच्या कण्याला, नितंबांना आणि मांड्यांना तेच बिल दुसऱ्यांदा भरायला लागतं. बेंचला तसं होत नाही, पण स्मोलोव्ह ज्युनिअर हाही एक पूर्ण आराखडाच आहे, चवीपुरता घ्यायचा नाही.

शनिवारच्या पळण्याबद्दलही एक जुना प्रयोग सांगण्यासारखा आहे. रॉबर्ट हिक्सन हा पॉवरलिफ्टिंग करणारा संशोधक सेंट लुइसमध्ये जॉन हॉलॉझी यांच्या प्रयोगशाळेत आला. हॉलॉझी रोज धावायचे, हाही त्यांच्याबरोबर धावायला लागला आणि आपले स्नायू आणि ताकद उतरतायत हे त्याच्या लक्षात आलं. त्यातून त्याने दहा आठवड्यांचा प्रयोग केला, तो १९८० साली छापून आला. एका गटाने फक्त ताकदीचा व्यायाम केला, दुसऱ्याने फक्त दमाचा, तिसऱ्याने दोन्ही पूर्ण मात्रेने. तिसऱ्या गटाची ताकद सातव्या आठवड्याच्या आसपासपर्यंत पहिल्या गटासारखीच वाढत गेली, मग थांबली आणि शेवटच्या आठवड्यांत उतरली. दम मात्र पूर्ण वाढला. पुढे झालेल्या कामातून हेही दिसलं की दमाचा व्यायाम माफक असेल तर सामान्य माणसाच्या ताकदीला फारसा धक्का बसत नाही. म्हणजे शनिवारी अर्धा तास टेकडी चढायला कुणाची हरकत नाही. दोष मिश्रणाचा नव्हता, दोन पूर्ण मात्रांचा होता. आणि सातव्या आठवड्यापर्यंत सगळं छान चाललंय असं वाटत राहतं, हा त्यातला फसवा भाग. जिममध्ये नवा तक्ता 'जबरदस्त आहे' असं जो सांगतो, त्याचा बहुधा तिसरा आठवडा चालू असतो.

सगळीच मिश्रणं प्रयोगशाळेत किंवा पुस्तकांतून होत नाहीत. टेक्सास राज्यातल्या विचिटा फॉल्समध्ये मार्क रिपटोची व्यायामशाळा आहे. तिथे ग्लेन पेंडले हा प्रशिक्षक पोरांकडून सोमवारी आणि शुक्रवारी पाच-पाच रेप्सचे पाच सेट करून घ्यायचा. पाच गुणिले पाच हा साचा बिल स्टारच्या १९७६च्या पुस्तकामुळे अमेरिकेत घरोघरी पोचला होता. शुक्रवारी पोरं कुरकुरायची. एका शुक्रवारी पेंडलेने सांगितलं, एकच सेट करा, पण आजवरच्या विक्रमाच्या वर. विक्रम झाले, आणि त्यातून 'टेक्सास मेथड' निघाली: सोमवारी भरपूर काम, बुधवारी हलकं, शुक्रवारी एकच जड सेट. म्हणजे जुन्या आराखड्यातले चार सेट काढून टाकल्यावर नवा आराखडा तयार झाला.

जिम वेंडलरची गोष्ट याच माळेतली. वेस्टसाइडमध्ये सराव केलेल्या या लिफ्टरने सूट घालून १,००० पौंडांचा, म्हणजे साडेचारशे किलोंवरचा स्क्वॉट केला. मग तो या सगळ्याला कंटाळला. साखळ्या नकोत, पट्टे नकोत, पेट्या नकोत. २००९ साली त्याने 'फाइव्ह-थ्री-वन' मांडलं. आपल्या खऱ्या कमाल वजनाच्या ९० टक्क्यांना 'कमाल' समजायचं आणि सगळे हिशोब त्यावर करायचे. तिसऱ्या आठवड्यातला सगळ्यात जड सेट त्या आकड्याच्या ९५ टक्क्यांचा, म्हणजे खऱ्या कमाल वजनाच्या साडेपंच्याऐंशी टक्क्यांचाच. पहिल्यांदा वाचणाऱ्याला हे फार हलकं वाटतं, आणि वाटतं म्हणूनच लोक त्यात काहीतरी घालायला जातात. ती मोकळी जागा मुद्दाम ठेवलेली आहे. ती झोप न झालेल्या मंगळवारांसाठी आहे.

आपल्याकडची तालीम या बाबतीत कशी वागते, हे कोल्हापूरच्या कुठल्याही तालमीत पहाटे गेलं की कळतं. गंगावेस असो, मोतीबाग असो, शाहूपुरी असो. जोर, बैठका, मग हौद्यात माती उकरणं, मग लढत. बाहेरून बघणाऱ्याला ही सगळी भरताड वाटते, पण वस्तादाचं लक्ष वजाबाकीवर असतं. मैदान जवळ आलं की जोर कमी होतात, लढती वाढतात. कुणाची मान धरली की त्याच्या वाटचे डाव बदलतात. अलीकडे मल्ल जिममध्येही जातात आणि तिथे खरी ओढाताण सुरू होते, कारण जिमचा ट्रेनर पहाटेच्या बैठका मोजत नाही आणि वस्ताद संध्याकाळचे स्क्वॉट मोजत नाही. पाय मात्र दोन्ही मोजतात. ज्या ठिकाणी एकच माणूस दोन्हींचा हिशोब ठेवतो तिथे हे नीट चालतं, एवढं मी पाहिलंय.

कोल्हापूर जिल्ह्यातलंच कुरुंदवाड हे वेटलिफ्टरांचं गाव. २०१४च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत गणेश माळी, ओंकार ओतारी आणि चंद्रकांत माळी या तिघांनी कांस्यपदकं आणली, तिघेही तिथले. शेजारच्या सांगलीचा संकेत सरगर, घरी पानाची टपरी आणि चहाचा गाडा, २०२२ साली बर्मिंगहॅमला ५५ किलो गटात रौप्य जिंकला. त्याची लढत पुन्हा एकदा पाहण्यासारखी आहे. स्नॅचमध्ये त्याने ११३ किलो उचलले, मलेशियाच्या अनिक कसदानने १०७. सहा किलोंची आघाडी. क्लीन अँड जर्कमध्ये संकेतचे १३५, मग १३९च्या प्रयत्नात कोपर दुखावलं. तरीही तो तिसऱ्या प्रयत्नाला उतरला, पण वजन गेलं नाही. कसदानने १४२ उचलले. २४९ विरुद्ध २४८, एका किलोने सुवर्ण गेलं. वेटलिफ्टिंगमध्ये दोनच प्रकार आणि त्यांची बेरीज. एका प्रकारात कितीही पुढे जा, दुसरा लंगडला की संपलं. म्हणून या खेळातले चांगले प्रशिक्षक नवीन आराखडा आणण्याऐवजी दोन प्रकारांतला तोल सांभाळत बसतात.

मीराबाई चानूचं उदाहरण याच अंगाने बघावं. २०२०च्या शेवटी ती अमेरिकेत ॲरन हॉर्शिग या फिजिओथेरपिस्टकडे गेली, खांद्याची तक्रार होती. प्रशिक्षक विजय शर्मा तेच, सरावाचा सांगाडा तोच. भर पडली ती खांदा आणि पाठ दुरुस्त करणाऱ्या व्यायामांची. २०२१च्या एप्रिलमध्ये ताश्कंदला तिने क्लीन अँड जर्कमध्ये ११९ किलोंचा जागतिक विक्रम केला आणि त्याच वर्षी जुलैत टोकियो ऑलिंपिकमध्ये रौप्य. बाहेरून आणायचंच तर असं आणावं: कमतरता कुठे आहे ते आधी ठरवून, तेवढंच.

मग ज्याला खरोखर दोन-तीन आराखडे एकत्र करायचे आहेत त्याने काय करावं? त्या चोविशीच्या मुलाचाच आठवडा घेऊ. स्क्वॉट १००, डेडलिफ्ट १२०, बेंच ७०. वजन ८० किलो. जिमला आठवड्यातून तीन दिवस.

स्क्वॉट टेक्सासच्या हवाली करू. सोमवारी ७५ किलोंवर पाच रेप्सचे पाच सेट. बुधवारी ६० किलोंवर पाचचे दोन, नुसते पाय मोकळे करायला. शुक्रवारी ८५ किलोंवर पाच रेप्सचा एकच सेट. बेंच वेंडलरकडे. ७० चे ९० टक्के ६३, म्हणून ६२.५ किलो ही 'कमाल'. ती सोमवारी. पहिल्या आठवड्यात ४०, ४७.५ आणि ५२.५ किलोंचे पाच-पाच, तिसऱ्या आठवड्यात ४७.५ वर पाच, ५२.५ वर तीन आणि ६० वर एक. चौथा आठवडा हलका. बुधवारी खांद्याचा प्रेस, याच पद्धतीने. डेडलिफ्ट सिमन्सला देऊ, पण एका आड एक. एका शुक्रवारी १०० किलोंवर पाच रेप्सचा एक जड सेट, पुढच्या शुक्रवारी त्याच्या जागी ७७.५ किलोंवर एकेक रेपचे आठ सेट, मध्ये मिनिटभराची विश्रांती, बार जमिनीवरून झपकन सुटला पाहिजे. दोन्ही एकाच शुक्रवारी नाही. तीन घराणी, तीन दिवस. स्क्वॉटच्या रेप्स आठवड्याला ४०. स्मोलोव्हच्या १३६ होत्या.

खाण्याचं थोडक्यात. २०१८ सालच्या एका मोठ्या आढाव्यात असं निघालं की शरीराच्या वजनाच्या दर किलोला सुमारे १.६ ग्रॅम प्रथिनांपर्यंत फायदा होत राहतो, त्यापुढे फारसा नाही. ८० किलोंच्या माणसाला १२८ ग्रॅम. शाकाहारी घरात डाळ, दही, पनीर, सोयाबीन यांवर हे गाठता येतं, पण आपोआप गाठलं जात नाही, मोजावं लागतं. झोपेबद्दल लोकलने रोज तीन तास प्रवास करणाऱ्या माणसाला मी काय सांगणार? त्याने पाचचे पाच सेट तीन करावेत, एवढंच.

आणि शुक्रवारचे ८५ निघाले नाहीत तर? एकदा नाही निघाले तर पुढच्या शुक्रवारी तेच वजन. पुन्हा नाही निघाले तर सोमवारचे पाच सेट तीनवर आणायचे, वजन तेच ठेवायचं, आणि दोन आठवडे बाकी कशालाही हात लावायचा नाही. बेंच चांगली चालली असेल तर तिला तर मुळीच नाही. तिचा हिशोब वेगळा चाललाय. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कोणती लागू पडली हे कधीच कळत नाही, आणि तक्त्यात पाचवा रंग येतो. राहता राहिला बायसेपचा प्रश्न, जो त्या मुलाने मला जिमच्या दारापर्यंत येऊन विचारला. शुक्रवारी, सगळं संपल्यावर, तीन सेट. ट्रेनर सरांना विचारून चार.